नव्या पलटणीची पहिली लढाई

युरोपचं भवितव्य वॉटर्लूवर कायमचं ठरलं. आमच्या गावात ते दर महिन्याला चर्चच्या हॉलमधल्या टेबलावर, खेळण्यातले शिपाई मांडून आणि फासे टाकून पुन्हा ठरतं.

बायको गेल्यावर आमच्यातल्या रेजिनाल्डने हिवाळाभर एकट्याने नेपोलियनच्या शिशाच्या शिपायांची पलटण रंगवली. नवी पलटण पहिल्याच लढाईत मरते, अशी आम्हा खेळगड्यांची श्रद्धा आहे. ही मात्र जगवायची, असं आम्ही त्याच्या नकळत ठरवलं होतं. म्हणून त्याच्याविरुद्ध खेळणाऱ्या डेस्मंडने मुद्दाम सगळ्यात लांबची तोफ डागली. फाशावर सहा पडले, तरच पलटण मरणार होती.

सहा पडले.

“फासा चहाच्या कपाला अडला रे. पुन्हा टाक,” मी म्हणालो.

“सहा म्हणजे सहा,” रेजिनाल्ड आपले शिपाई उचलत म्हणाला. “मला कच्चं लिंबू करू नका. शेजारणी करतात तेवढे लाड पुरेत.”

पाच वाजता योगवर्गाच्या बायका आल्या, हॉल रिकामा करावा लागला आणि लढाई अनिर्णित राहिली.