विसावं बाळंतपण

दमयंतीचं तेरावं झालं, त्याच्या चौथ्या दिवशी रखमा आमच्या चिंचणीच्या घरी आली. दमयंती, माझी बायको, पालघरला नर्सिंगच्या मुलींना शिकवायची. रखमा डोंगराकडच्या पाड्यावरची. वर्गात वारली जमातीची ती एकटीच.

"काका, बाईंची एक सही राह्यली," तिने वही पुढे केली.

परीक्षेला बसायचं तर वीस बाळंतपणं लागायची, प्रत्येकापुढे शिकवणाऱ्या बाईची सही. एकोणीस सह्या होत्या. विसावं बेटेगावचं, ते कोरं.

"मॅट्रन म्हनतात, बाईंच्या हातचं कायतरी लिवलेलं आन, नायतर पुढच्या वर्षी बस. पुढच्या वर्षी बा मला कशाला धाडतो? लगीन ठरवलंय त्यानं."

बेटेगावहून परतलेली दमयंती मला आठवली. जेवली नव्हती. रखमाने काही चूक केली का, असं मी विचारलं होतं. "तिने नाही," एवढंच म्हणाली. दोन दिवसांनी तापाने अंथरूण धरलं. सही राहून गेली, की तिनेच केली नाही, मला कळेना.

तिची डायरी मी उघडली नव्हती. आता उघडली. त्या दिवसाच्या पानावर होतं: 'बाळंतिणीला खाटेवर निजवून ठेवलं, ही माझी चूक. मूल अडलं. रखमाने तिला उठवलं, आढ्याचा दोर हातात दिला, उकिडवं बसवलं. मूल रडलं. शिकणारी दमयंती. शिकवणारी रखमा.'

मी रखमाला ते वाचून दाखवलं. ती वही मिटून उठली. "नका दाखवू कुनाला. बाईंना हसतील."

हे दाखवलं तर बायकोची चूक चारचौघांत, नाही दाखवलं तर पोरीचं वर्ष गेलं. रात्री तिला ठेवून घेतलं, सकाळी डायरी पिशवीत टाकली आणि तिच्याबरोबर पालघरला गेलो.

मॅट्रन केरळच्या. मराठी अक्षरांवर बोट ठेवून सावकाश वाचत होत्या. मग रखमाला म्हणाल्या, "कसं बसवलं? दाखव."

रखमा फरशीवर उकिडवी बसली, दोर धरल्यासारखे हात वर. मॅट्रन खुर्चीतून उठल्या आणि तिच्यासमोर तशाच बसल्या.

"पाय एवढे?"

"अजून थोडे लांब, सिस्टर. पडाल नायतर."

विसाव्या बाळंतपणापुढे मॅट्रननी स्वतःची सही केली.

दमयंतीने मला हे का सांगितलं नाही? मी त्या दिवशी नुसतं जेव जेव करत राहिलो, म्हणून? मला अजून कळलेलं नाही.