काखेत सदतीस, तलावात अडतीस

दोष गुणवंतरावांचा. मासेमार सोसायटीचे अध्यक्ष, वय बहात्तर, गावातले शहाणे. आणि दोष इस्तारीचा, कारण त्याला सगळं ठाऊक होतं आणि तो गप्प बसला. बाकीच्यांना दोष वाटून घ्या म्हटलं तर कोणी घेणार नाही, म्हणून मी ही दोनच नावं घेतो.

मी थर्मामीटर बोलतोय. ताप बघायचा नाही, प्रयोगशाळेतला. लांब काचेचा, पोटात लाल अल्कोहोल. तापलं की वर जायचं, निवलं की खाली यायचं, एवढंच मला येतं. राग येत नाही. राग हेमराजला यायचा.

जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. खोक्यात भुसा भरून मला गडचिरोलीकडच्या एका कॉलेजात पाठवलं. पोरांनी मला उकळत्या पाण्यात बुडवलं, बर्फात खुपसलं आणि आकडे मात्र एकमेकांच्या वहीतून लिहिले. माझ्याकडे बघून लिहिणारा एकच होता, हेमराज. माझी टांगायची कडी तुटली तेव्हा मला टाकाऊच्या डब्यात घातलं. हेमराजनं मॅडमना विचारून मला घरी नेलं.

त्याच वर्षी त्याचंही कॉलेज सुटलं. बी.एस्सी., दुसरं वर्ष. चामोर्शीच्या अलीकडचं त्याचं गाव तलावावर जगतं. त्या उन्हाळ्यात तलावातले मासे पोट वर करून तरंगले. तलाव रिकामा, तर इस्तारीचं घर रिकामं. इस्तारी म्हणजे हेमराजचा बाप. तो म्हणाला, "एक साल थांब. पुढच्या साली मासे झाले का जाजो कॉलेजात."

हेमराज थांबला. गुडघाभर पाण्यात बांबू रोवून त्यानं मला त्याला सुतळीनं बांधलं. रोज दुपारी दोनला यायचा, वाकायचा, वाचायचा, वहीत लिहायचा. एक दिवस चुकवला नाही.

या गावात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, आखाडीच्या, म्हणजे आषाढी पुनवेच्या दिवशी तलावात सोडतात. पणज्यापासूनची रीत. पूर्वी आखाडीपर्यंत तलाव भरलेला असायचा. आता नसतो. दिवस मात्र तोच. सोसायटीचा आणखी एक नियम आहे. इथं बहुमत चालत नाही, एकमत लागतं. एक सभासद जरी 'नाई' म्हणाला तरी काही बदलत नाही. कोणा गरिबाला डावलू नये म्हणून हा नियम केला होता म्हणे. चांगला होता.

यंदा मृगात दोन दिवस पाऊस पडला आणि गेला. आखाडीच्या आदल्या संध्याकाळी समाजमंदिरात बैठक बसली. हेमराजनं मला बांबूवरून सोडवून तिथं नेलं.

"दुपारी अडतीस भरते पाणी," तो म्हणाला. "बोटुकली मरतीन. तलाव भरतपर्यंत थांबा. पंधरा दिवस."

"ऊन आमच्याही काळी होतं बाबू," गुणवंतराव म्हणाले.

"असं नव्हतं, भाऊ. माणसानं कोळसा जाळला, डिझेल जाळलं, जंगल तोडलं, म्हणून तापून राह्यलं. जगभरचे शास्त्रज्ञ सांगून राह्यले. शंभरातले सत्त्याण्णव हेच म्हणत होते, आता तं नव्याण्णवच्या वर गेले."

"म्हणजे एकमत नाई झालं." बैठक हसली. "आपल्या इथी एक जण नाई म्हणला तरी ठराव होत नाई. अन् मोबाइलवर एक साहेब सांगत होता का हे सारं झूट हाय. टाय लावून होता."

"त्यानं काय मोजलं?"

"तुनं काय मोजलं बे?"

हेमराजनं मला पुढं केलं. गुणवंतरावांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि बंडीत हात घालून काखेत खुपसलं. पाच मिनिटं मी तिथं होतो. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्यांनी बाहेर काढून मला दिव्याजवळ धरलं.

"पाहा! काखेत सदतीस, तलावात अडतीस. एका डिग्रीनं काय होते?"

हसता हसता दोघातिघांना ठसका लागला. गुणवंतरावांची बायको रुखमाबाई चहाची किटली घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "एका डिग्रीनं काय होते? गेल्या साली तुमच्या अंगात दीड डिग्री वाढली तं सलाइन लावून पडले होते. माय वो, माय वो करत होते."

पुन्हा हशा. रुखमाबाई सभासद नाही.

"धरतीलेही तेच झालं हाय," हेमराज म्हणाला. "सव्वा-दीड डिग्रीच वाढली हाय. चाला भाऊ, उद्या दुपारी पाण्यात पाय टाकून पाहा. मग म्हणा नाई."

तलाव चारशे पावलांवर आहे. गुणवंतरावांचे गुडघे दुखत होते. बाकीच्यांचे दुखत नव्हते, पण तेही 'चला' म्हणाले नाहीत.

हेमराजनं बापाकडे पाहिलं. "बा, तू सांग ना. तू तं रोज पाण्यात असतेस."

इस्तारीचे पाय चाळीस वर्षं त्या तलावात. त्याच दुपारी जाळं ओढताना तो स्वतःशीच म्हणाला होता, "चटका बसून राह्यला पायाले." मी बांबूवरच होतो. मी ऐकलं.

बैठकीत तो म्हणाला, "गुणवंतभाऊ म्हणतात तसं करा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच हेमराजनं मला परत बांबूला बांधलं. बोटुकली सकाळीच सोडायची होती. पण हार, नारळ आणि गुणवंतरावांचं भाषण यात बारा वाजले. पिशव्या इस्तारीनं आपल्या हातानं सोडल्या. पिल्लं पाण्यात उतरली, माझ्या बांबूला दोन फेऱ्या मारल्या, मग वर येऊन तोंडं उघडायला लागली. मी अडतीसवर होतो. दोन वाजता एकोणचाळीस. चारपर्यंत माझ्याभोवतीचं पाणी उलट्या पोटांनी पांढरं झालं होतं. मला खाली येता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा बैठक. हेमराज मला घेऊनच गेला, कशासाठी ते त्यालाही माहीत नसावं. गुणवंतरावांनी ठराव वाचला, "बोटुकली दैवी कोपानं मेली. कोणाची हरकत?"

"माझी," हेमराज म्हणाला. "नाई. दैवानं नाई मेली. तुमी मारली. अन् ज्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं, त्यांनी मारली."

"तू सभासद नाईस. घरातून एकच माणूस. बोल गा इस्तारी, तुझी हरकत हाय?"

तेव्हा एका 'नाई'नं ठराव अडला असता. नियमच होता तसा. इस्तारीनं आपल्या पायांकडे पाहिलं. बोटांमधली कातडी सोललेली होती. त्यानं मान हलवली. हरकत नाही.

एकमतानं मंजूर. रुखमाबाईनं किटली तिथंच ठेवली आणि चहा न वाटता घरी गेली.

त्यानंतर अकराव्या दिवशी पाऊस आला. तलाव भरला. हेमराजनं मला पाण्यात धरलं, मी एकोणतीसवर आलो. पाण्यात सोडायला काही उरलं नव्हतं.

हेमराज हैदराबादकडे निघाला, कुठल्याशा गोदामात पेट्या उचलायला. जायच्या दिवशी त्यानं मला परत बांबूला बांधलं. दुपारचे दोन वाजले होते. वाकला, वाचलं, लिहिलं नाही. वही आणली नव्हती. इस्तारी काठावर जाळं घेऊन उभा होता.

आता माझ्यावर शेवाळ चढलंय. सुतळी कुजत आलीय. कधी चतुर येऊन बसतो. माझ्याकडे बघत कोणी नाही. म्हाताऱ्यांनो, चारशे पावलं आहेत. एकदा येऊन वाचा. नाही आलात तरी मी जे आहे तेच दाखवीन, मला तुमचं एकमत लागत नाही.

हेमराज कागदावर बारावी पास आहे. तेवढाच राहिला.