सात नंबरचा दगड आणि त्याच्या पाठीवरचा माईक

रविवार, ८ फेब्रुवारी २०२६. सकाळी गारठा, वारा पडलेला, आभाळ स्वच्छ. दहानंतर ऊन तापलं.

धानोरीच्या मागे जी दगडखाण बंद पडली आहे, तिच्यात मी राहतो. जातीनं काळा कातळ, उंची साडेपाच फूट, वजन नऊ टन, छातीवर पांढऱ्या रंगानं काढलेला सातचा आकडा. दगडाला बोलता येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या रविवारी माझ्या पाठीवर माईक चिकटवला होता. माझा आवाज सहाशे माणसांनी ऐकला आणि टाळ्या वाजवल्या. माझं म्हणणं मात्र एकट्या सीतारामला कळलं. म्हणून सगळं क्रमानं सांगतो.

मी डोंगराचा भाग होतो. खाणीतल्या सीतारामनं भोक पाडलं, सुरुंग ठासला, आणि मी सुटा झालो. खडी करायच्या यंत्राच्या तोंडात मी मावेना, तेव्हा मुकादम म्हणाला, "राहू दे त्याला तिथंच." खाण बंद झाली, माणसं गेली, मी राहिलो. पुढची काही वर्षं शेळ्या माझ्यावर चढल्या. माणूस दगडाजवळ आला की पाय ठेवून फोटो काढतो, किंवा खिळ्यानं नाव कोरतो, किंवा मागे आडोशाला जातो. त्या शेवटच्याबद्दल मी काही बोलत नाही.

आठ वर्षांपूर्वी तनुजा आली. विश्रांतवाडीत तिचं गॅरेज आहे. खाणीतले आम्ही पडलेले दगड बघून तिचे डोळे असे चमकले की मला वाटलं, बाईंचं काहीतरी हरवलेलं सापडलं. जमिनीचे मालक सर्जेराव. त्यांच्याकडून तिनं जागा मागून घेतली, पोकलेननं आम्हाला उतारावर रांगेत बसवलं, आणि दगडांवरून गाड्या चढवण्याच्या शर्यती सुरू केल्या.

शर्यत म्हणायची, पण यात गाडी पळत नाही. मोठ्या चाकांची, छत नसलेली, लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्यासारखी गाडी इंचाइंचानं दगडांवरून वर जाते. वेळ दहा मिनिटं. वाटेत काठ्यांच्या जोड्या रोवलेल्या असतात, त्यांच्या मधून जायचं. काठीला धक्का लागला तर दहा गुण, गाडी मागे घेतली तर एक. ज्याचे गुण सगळ्यांत कमी, तो पहिला. चालकाला स्वतःचं चाक दिसत नाही, म्हणून त्याचा जोडीदार पायी बरोबर असतो आणि चाक कुठं ठेवायचं ते सांगतो.

मला हा खेळ आवडला. माणसं इतक्या हळू आणि इतक्या काळजीनं माझ्याशी याआधी कधी वागली नव्हती. पण बघणाऱ्यांना तो कळेना. चालकांचे नातेवाईक यायचे, डबे उघडायचे, जेवायचे आणि जायचे. एकदा शनिवार पेठेतले एक गृहस्थ आले. पंधरा मिनिटं उभे राहून त्यांनी तनुजाला विचारलं, "अहो, ही गाडी चालू आहे, की इथं लावून ठेवली आहे?" मग तिनं मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारणाऱ्या एकांना समालोचनाला बोलावलं. गडी तीन मिनिटं असा गरजला की शेळ्या पळाल्या. तेवढ्यात गाडी वीतभर सरकली होती. नंतर त्यांच्याकडे शब्द उरले नाहीत आणि ते घोटभर पाणी पिऊन खाली बसले.

गेल्या वर्षी प्रेक्षक त्रेचाळीस. दिवाळीनंतर सर्जेराव येऊन तनुजाला म्हणाले, "बाई, बिल्डर मागं लागलाय. तुमचं हे टीव्हीवर दिसलं तर जागा हाय तशी ठिवतो. न्हाई दिसलं तर माझा बी नाइलाज हाय."

बिल्डर आला की खडीचं यंत्र येणार, आणि आता यंत्रांची तोंडं मोठी झाली आहेत. त्या दिवसापासून तनुजाइतकीच मलाही धास्ती लागली.

एका वाहिनीनं एक भाग करून बघायचं कबूल केलं. दिग्दर्शक दत्तप्रसाद शनिवारी आला. माणूस वाईट नव्हता. पहिल्या तासातच त्यानं दुखणं ओळखलं. "तनुजाताई, स्पीड नाहीये हा प्रॉब्लेमच नाही. ऐकू काही येत नाहीये, हा प्रॉब्लेम आहे. चालक आणि जोडीदार काय बोलतात ते लोकांना ऐकवा. दगडावर टायर कसा घासतो ते ऐकवा. मग बघा, जागचं हलणार नाहीत."

आवाजाचं काम बघणारी शेफाली बटणाएवढे माईक घेऊन आली. एक तिनं माझ्या पाठीला चिकटवला. मोठा पडदा लागला, कर्णे लागले. सरावाला पृथ्वीराज आणि अक्षता ही भावाबहिणीची जोडी गाडी घेऊन आली. तो टेम्पो पुरवण्याचा धंदा करतो, ती सरकारी कचेरीत कारकून आहे, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. गाडीत तो, जमिनीवर ती.

"डावं अर्धं," अक्षता म्हणाली.

"ताई, अर्धं म्हणजे किती?"

"घरी अर्धी पोळी वाढली की भांडतोस ना? तेवढंच."

कर्ण्यातून ते ऐकू आलं आणि पडद्याजवळची सगळी माणसं हसली. मग गप्प होऊन चाकाकडे बघू लागली. आठ वर्षांत पहिल्यांदा कोणी चाकाकडे बघत होतं. तनुजानं डोळे पुसले. धूळ गेली म्हणाली.

एकच गोष्ट दत्तप्रसादला खटकली. "दगड पडद्यावर राखाडी दिसतोय, सिमेंटचा केल्यासारखा. उद्या पाणी मारा. काळाभोर चमकला पाहिजे."

आता सीतारामबद्दल सांगायला हवं. खाणीतलं काम सुटल्यावर तनुजानं त्याला परत बोलावलं होतं. आम्हाला बसवण्याचं काम त्याचं. मी ज्या उतारावर बसतो तिथं खाली मुरूम आहे, आणि माझ्याखाली तीन पाचरी दगड ठोकून त्यानं मला पक्कं केलं होतं. शर्यतीच्या दिवशी सकाळी तो प्रत्येक दगडावर हातोडीचे तीन ठोके मारतो आणि कान देतो. खणखणीत आवाज आला तर दगड बसलेला. बद्द आला तर खाली पोकळी. आठ वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं.

रविवारी सहा वाजता टँकर आला आणि माझ्यावर पाणी मारलं. काळा कातळ अर्ध्या तासात वाळतो. मी वाळलो की पुन्हा पाणी. असं नऊपर्यंत पाच वेळा झालं. पडद्यावर मी इतका देखणा दिसत होतो की मलाच ओळखू येईना. पाणी पाठीवरून ओघळून पोटाखाली जात होतं, आणि खालचा मुरूम लाडवाच्या पिठासारखा मऊ होत चालला होता.

साडेआठला सीताराम हातोडी घेऊन आला. शेफाली धावली, "काका, नको! माईक लावलाय, माझे कान फुटतील!"

सीतारामनं तनुजाकडे पाहिलं. तिच्या एका हातात दोन फोन होते, दुसऱ्यात यादी, आणि सर्जेराव खुर्ची कुठं आहे विचारत होते.

"काल ठोकलाय ना काका? खणखणीत होता ना? आज राहू द्या."

"काल पाणी नव्हतं, बाई."

"दगडाला पाण्यानं काय होतंय?" ती म्हणाली आणि निघून गेली. गॅरेजवालीला लोखंड कळतं, चाक कळतं. मुरूम तिला माहीत नव्हता. सीताराम हातोडी पिशवीत घालून प्रेक्षकांत जाऊन बसला.

मी ओरडलो असतो. कशानं ओरडणार?

टीव्हीच्या नावानं सहाशे माणसं जमली. पहिल्या चार गाड्या माझ्या उजव्या अंगावरून गेल्या. प्रत्येक गाडीला मी डावीकडे एकेक सूत कललो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, कोणाच्या डोळ्याला दिसत नाही. माझ्या डावीकडे तीव्र उतार, आणि त्या उतारावर जोडीदार उभा राहतो. प्रत्येक वेळी मी खाली उभ्या माणसाचे पाय मोजत होतो.

अकरा वीसला पृथ्वीराजची गाडी आली. सहा गाड्यांतली ही पाचवी आणि सगळ्यांत जड. त्यानं डावीकडून चढायचं ठरवलं होतं. उजवं चाक शेजारच्या आठ नंबरवर, डावं माझ्या डाव्या कडेवर. अक्षता चाक बघायला माझ्या अगदी खाली आली, हातभर अंतरावर.

"ये. ये. बोटभर. पृथ्वी, बोटभर म्हटलं, हात नाही."

चाक माझ्यावर चढलं आणि पोटाखालची खालच्या अंगाची पाचर मऊ मुरुमात रुतली. दगडावर दगड घासला. करकर असा आवाज माझ्या पोटातून पाठीत गेला आणि पाठीतून माईकमध्ये.

शेफालीनं कानावरचा हेडफोन दाबला. "सर, सातमध्ये कोणीतरी दळतंय."

दत्तप्रसादनं ऐकलं आणि त्याचा चेहरा फुलला. "वा! हेच तर पाहिजे! कर्ण्यावर दे. लोकांना दगड बोलताना ऐकू दे."

आणि जन्मात पहिल्यांदा माझा आवाज खाणभर घुमला. करर, करर. मुलं किंचाळली, बाकांवरची माणसं उठून उभी राहिली, टाळ्या पडल्या. सर्जेरावांनी शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली. मी सांगत होतो, अक्षताला बाजूला घ्या. लोक म्हणत होते, अजून, अजून.

प्रेक्षकांतून सीताराम पायऱ्या उतरत पळत आला. वयाच्या मानानं फार जोरात पळाला.

"बाई, थांबवा! अहो, तो बोलत न्हाई, तो चाललाय!"

तनुजानं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा सर्जेरावांकडे. मग शिट्टी तोंडात धरली आणि छातीतली सगळी हवा तिच्यात ओतली. शिट्टी वाजली की फेरी रद्द, हा तिचाच नियम. अकरा सव्वीस.

"अहो, सोन्यासारखा शॉट आहे!" दत्तप्रसाद म्हणाला.

"शॉट तुमचा. माणसं माझी. कर्णे बंद करा. हेडफोन काकांना द्या."

सीतारामनं हेडफोन लावले आणि माझ्या वरच्या अंगाला येऊन तळहात माझ्यावर ठेवला. ज्या हातानं सुरुंग ठासला होता, तोच हात.

"अक्षताबाई, आधी तुम्ही हला. उजवीकडं या."

"मी हलले तर त्याला चाक कोण सांगणार?"

"चाक मी ऐकतो. तुम्ही हला."

"ताई, जा ना!" गाडीतून पृथ्वीराज ओरडला. "मी काय पळून जात नाहीये इथून."

अक्षता उतारावरून बाजूला झाली. वरच्या पोकलेनला गाडीची तार अडकवली, म्हणजे मी सुटलो तरी गाडी उलटू नये. मग गाडी सरळ मागे घ्यायची होती. सीताराम हेडफोनमधून माझं पोट ऐकत होता. करकर आली की मूठ मिटायचा, थांबली की उघडायचा. त्याची मूठ बघून अक्षता सांगायची, "थांब," किंवा "ये." दुसरा शब्द नाही, थट्टा नाही. सहाशे माणसांत कोणाच्या पिशवीचाही आवाज नव्हता. आपण मोठे धीराचे, असं मी म्हणणार नाही. मला धरून ठेवता येत नव्हतं. उरलेल्या दोन पाचरी धरत होत्या आणि मी भीत होतो, इतकंच.

अकरा सदतीसला डावं चाक माझ्यावरून खाली टेकलं. गाडी ओढून बाजूला नेली. सीताराम मागे सरला. अकरा एक्केचाळीसला मी गेलो. दोन कोलांट्या आणि चौदा फूट.

आता मी खाणीच्या तळाशी आहे. सातचा आकडा मातीकडे आहे. माईक माझ्याखाली कुठंतरी आहे. सीताराम मधूनमधून येतो, बसतो, तंबाखू मळतो. मला पुन्हा वर बसवणार आहेत असं ऐकतो. बसवा, माझी ना नाही. आवाजासाठी माईकही लावा, लोकांना ऐकायला आवडतं हे मी पाहिलंय. पण मला देखणा करू नका. राखाडी दिसलो तर दिसू द्या. आणि गाडी चढवण्याआधी कोणाच्याही कानांची पर्वा न करता तीन ठोके मारा. बद्द आवाज आला तर मला घरी बसवा, मी रुसणार नाही.

निकाल असा : पृथ्वीराज आणि अक्षता यांची फेरी रद्द, सहा जोड्यांत सहावा क्रमांक. जखमी कोणी नाही. भाग रविवार, १ मार्चला संध्याकाळी सहा वाजता दाखवला गेला. वाहिनीनं आणखी चार भाग मागितले, सर्जेरावांनी जागा पुढच्या मेपर्यंत ठेवली. वाहिनीच्या पत्राप्रमाणे त्या तासात सर्वांत जास्त प्रेक्षक ज्या अकरा मिनिटांना होते, त्या अकरा मिनिटांत गाडी एकूण चार फूट नऊ इंच मागे आली.