तिसरी रेघ

मी एक जुनी गळाची काठी आहे. अस्सल बांबूची, बुचाच्या मुठीची आणि सध्या स्वयंपाकघरातल्या खुंटीवर टांगलेली. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, आता ही म्हातारी "धूळ झटका, वार्निश लावा" म्हणून गळा काढणार. तसं नाही. माझं मागणं वेगळं आहे, पण ते शेवटी सांगेन.

माझा जन्म पिरेनीजच्या डोंगरातला, ओरेल नदीच्या काठचा. सिप्रियां नावाच्या कारागिराने बांबूच्या सहा चिपा तासून, सरसाने चिकटवून मला घडवलं. त्याची मुलगी मायलिस तेव्हा वीस वर्षांची होती. माझ्या सांध्यांवर तिने लाल रेशमी दोरा गुंडाळला, वेढ्याला वेढा लावून, आणि लग्नाच्या दिवशी मला नवऱ्याच्या हातात दिलं. नवरा म्हणजे फिर्मिन, आमच्या खोऱ्यातला टपालवाला. पत्रं वाटून झाली की तो मला घेऊन नदीवर जायचा. पिसांची खोटी माशी माझ्या दोरीच्या टोकाला बांधायची आणि ती पाण्यावर खऱ्या माशीसारखी अलगद उतरवायची, हे आमचं काम. "काठी आहे की गवताचं पातं!" असं लोक म्हणायचे आणि मी फुशारून जायचे. गळाला लागलेला ट्राऊट मासा फिर्मिन हात ओले करून धरायचा, गळ सोडवायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. घरी क्वचितच एखादा न्यायचा.

पुलाखालच्या डोहात एक थोरली ट्राऊट होती. कल्ल्याच्या मागे अंगठ्याएवढा काळा ठिपका, त्यामुळे ती लगेच ओळखू यायची. सात वर्षं आम्ही तिच्यापुढे हरतऱ्हेच्या माश्या ठेवल्या. ती वर यायची, बघायची आणि शेपटी फिरवून खाली जायची. काठावर विणत बसलेली मायलिस एकदा म्हणाली, "अगदी तुझ्या आईसारखी आहे रे! समोर काहीही ठेवा, नाक मुरडणारच." तेव्हापासून तिचं नाव सासूबाई पडलं.

पुढे मायलिसच्या पायांतलं बळ गेलं आणि ती खिडकीजवळच्या खुर्चीला खिळली. तिथून नदी ऐकू येते, पण दिसत नाही. फिर्मिन घरी आला की तिचा प्रश्न ठरलेला असायचा, "सासूबाई काय म्हणतायत?" त्याचं उत्तरही ठरलेलं, "काय म्हणणार? आजही नापसंत!" मग दोघं हसायची. दिवसभरात त्या घरात तेवढंच हसू असायचं, म्हणून मी त्याची वाट बघायचे.

मग गेलं वर्ष आलं. हिवाळ्यात डोंगरावर बर्फ नावालाच पडला आणि एप्रिल उजाडायच्या आत वितळून गेला. एरवी वसंतात दुथडी धावणारी नदी गोट्यांमधून वाट काढू लागली. आमच्या पुलाच्या खांबावर जुन्या माणसांनी छिन्नीने एकाखाली एक तीन रेघा कोरल्या आहेत. तिसरी रेघ उघडी पडली की काठ्या घरी ठेवायच्या, हा आमच्या खोऱ्याचा नियम. सरकारी कागदात तो कुठे नाही. कमी पाण्यात मासे एकाच डोहात कोंडले जातात, पाणी कोमट होतं आणि त्यांना श्वास पुरत नाही, एवढं म्हाताऱ्यांना कळत होतं. मे महिन्यात पाणी तिसऱ्या रेघेच्याही वीतभर खाली गेलं.

मायलिसने ते आवाजावरून ओळखलं. "फिर्मिन, नदी बोलत नाहीये. सासूबाई आहेत का बघून ये. नुसतं बघून ये हं."

"नुसतं बघूनच येतो," तो म्हणाला आणि सवयीने त्याने मला उचललं.

डोह इतका उथळ झाला होता की काळा ठिपका काठावरूनच दिसला. फिर्मिनचा जुना सोबती प्रॉस्पेर तिथे पाव आणि सुकं सॉसेज खात बसला होता.

"काय रे टपालवाल्या, सात वर्षं दारात उभा आहेस आणि सासूबाई पत्र घेईनात! आज तरी सही घे त्यांची."

"तिसरी रेघ उघडी आहे, प्रॉस्पेर."

"दगडाला काय विचारतोस? बंदी आहे का? नाही ना? आणि तू कुठे खाणार आहेस तिला? सोडूनच देणार!"

हे शेवटचं फिर्मिनला पटलं. खोटं कशाला बोलू, मलाही पटलं. मायलिससाठी एकदा तरी नवं उत्तर न्यावं, असं त्याच्या मनात आलं असणार.

माशी पाण्यावर उतरली. सासूबाईंनी या वेळी निरखून बघितलंसुद्धा नाही, सरळ घेतली. नाक मुरडण्याइतकं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. मी नाजूक, त्यामुळे त्यांना लवकर ओढता येईना. दहा मिनिटं त्या झगडल्या आणि मी वाकत राहिले. माझ्या ज्या लवचिकपणाचं कौतुक व्हायचं, त्यानेच त्यांचा दम काढला. फिर्मिनने हात ओले करून त्यांना वर धरलं, प्रॉस्पेरने मायलिसला दाखवायला फोटो काढला. मग फिर्मिनने त्यांना पाण्यात सोडलं. त्या कुशीवर कलंडल्या. तो पाण्यात गुडघे टेकून बसला, दोन्ही हातांनी त्यांना प्रवाहाकडे तोंड करून धरलं. पण प्रवाहच नव्हता. "चल गं, चल," असं तो कितीतरी वेळ म्हणत होता. प्रॉस्पेरने हातातला पाव खाली ठेवला. शेवटी फिर्मिनने हात काढले, तेव्हा पांढरं पोट वर आलं.

घरी मायलिसने विचारलं, "सासूबाई काय म्हणतायत?"

"काय म्हणणार? आजही नापसंत."

ती हसली नाही. "काठी दे इकडे," म्हणाली. तिने माझ्या लाल दोऱ्यावरून बोट फिरवलं. दोरा ओला होता. बुचाच्या मुठीला एक खवला चिकटला होता. तो तिने नखाने काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

"मी नुसतं बघून ये म्हटलं होतं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी खुंटीवर आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारख्या काठ्या असतील. पाणी आटलेलं असेल तेव्हा त्यांना हात लावू नका. सोडून देऊ म्हणून धरू नका. आम्हाला थांबता येत नाही. उचललं की आम्ही वाकणार. थांबायचं ते तुम्हालाच.

यंदा बर्फ भरपूर पडला. तिन्ही रेघा पाण्याखाली गेल्या आहेत आणि खिडकीतून नदीचा आवाज घरभर येतो. फिर्मिन रिकाम्या हाताने पुलापर्यंत जाऊन येतो. दार वाजलं की मायलिस मान वर करते, काहीतरी विचारणार असं मला वाटतं. मग ती विचारते, "सूप गरम करतोस का?"