सर्वात कमी नकोसा अध्यक्ष

म्युनिकजवळच्या आमच्या मराठी मंडळात एकतीस सभासद आहेत आणि दोन पक्ष. प्रतापदादांचा ‘परिवर्तन’ आणि स्नेहलताताईंचा ‘खरे परिवर्तन’. पक्षाच्या नोंदणीला सात सह्या लागतात. आपल्या लोकांना तोंडावर नाही म्हणता येत नाही, त्यामुळे दोन्ही अर्जांवर इथल्या सगळ्यांच्या, तीस-तीस सह्या होत्या. प्रतापदादांच्या अर्जावर स्नेहलताताईंचीसुद्धा.

मी पीएचडी करतो, म्हणजे मंडळाच्या मते रिकामा असतो. म्हणून निवडणूक अधिकारी मी.

गणपतीसाठी नगरपालिकेचा हॉल हवा होता. उद्या बारापर्यंत अध्यक्षाच्या सहीचा अर्ज गेला नाही, तर हॉल ससेपालक संघाला जाणार होता. आणि दोनदा मतदान होऊनही कोणी निवडून आलं नव्हतं, कारण बहुतेक मतपत्रिका कोऱ्या.

“कोण हवं ते कोणी सांगत नाही,” मंडळाची खजिनदार निधी म्हणाली. “कोण नको ते विचारा.”

मी सभासदांची यादी वाटली. नको त्या नावावर फुली मारायची, सगळ्यात कमी फुल्या तो अध्यक्ष. लोक इतकं मन लावून लिहायला लागले की दोघांनी जादा कागद मागितला.

प्रतापदादांना चोवीस फुल्या, ताईंना पंचवीस. मला नऊ, त्याबद्दल मी नंतर बोलेन. शून्य फुल्या एकालाच. अनिमेष देव.

“हा कोण?” प्रतापदादांनी विचारलं.

“दोन वर्षांपूर्वी पुण्याला परत गेला तो,” मी म्हणालो.

मी स्पीकरवर फोन लावला. अनिमेष कोथरूडला भाजी घेत होता.

“अभिनंदन, तुम्ही अध्यक्ष झालात.”

“अरे, मी क्युंडिगुंग, म्हणजे राजीनाम्याची नोटीस, पाठवली होती. मंडळ सोडलंय मी.”

“मेलनं पाठवलीत. नियमात सहीचं पत्र लिहिलंय. आणि ते अध्यक्षानं मंजूर करावं लागतं. तुम्ही अजून सभासद आहात.”

“मी पुण्यात राहतो.”

“म्हणूनच तर,” ताई प्रेमानं म्हणाल्या.

पलीकडे कोणीतरी कोथिंबिरीवरून घासाघीस करत होतं.

“हॉलच्या अर्जावर सही केली, तर माझी क्युंडिगुंग मंजूर होईल?”

“ते अध्यक्षांवर आहे.”

“म्हणजे माझ्यावर?”

“गेनाऊ. अगदी बरोबर.”

दहाव्या मिनिटाला सही केलेला अर्ज स्कॅन होऊन आला. अकराव्या मिनिटाला दुसरा कागद आला. त्यात अध्यक्ष अनिमेष देव यांनी सभासद अनिमेष देव यांचा राजीनामा जड अंतःकरणानं मंजूर केला होता.

अर्ज मी तिथूनच नगरपालिकेला पाठवला. अर्ध्या तासात हॉल मिळाल्याची मेल आली, आणि टाळ्या झाल्या.

“इतका कार्यक्षम अध्यक्ष आपल्याला लाभला नव्हता,” प्रतापदादा म्हणाले. “सत्कार करायला हवा त्याचा.”

“कोणाच्या हस्ते,” ताई म्हणाल्या, “ते आधी ठरवा.”