दिसेल इतका कार्बन

"मॅडम, तुमाले याच्यात काही दिसून राहिलं का?" देवचंदनं चकती खिडकीकडे धरली.

"दिसायलाच नाही पाहिजे, काका," पीएचडी करणारी दामिनी म्हणाली. "थर दिसला म्हणजे बिघडला."

देवचंदनं बावीस वर्षं गोंदियाच्या राइस मिलमध्ये बॉयलर सांभाळला होता. कॉलेजला भट्टी चालवणारा हवा होता, याला भट्टी येत होती. मिलमध्ये तो दिवसाला चार ट्रक धानाचा भुसा जाळायचा. इथे नखाएवढ्या, काचेसारख्या नीलमाच्या चकतीवर, हजार अंशाला मिथेन सोडून, कार्बनचा अणूएवढा पातळ थर वाढवायचा. दोन वर्षांचं सगळं उत्पादन डासाच्या पंखावर मावलं असतं आणि डास आरामात उडालाही असता.

उद्या अनुदान देणारी समिती येणार होती. तिला काम पसंत पडलं नाही तर भट्टी बंद, देवचंद घरी. कोरी चकती एकच उरली होती. समितीनं पाहिली की ती नागपूरला तपासणीला जायची होती. दामिनीची पीएचडी तिच्यावरच अडली होती.

"मिथेन दहाच मिनिटं," असं बजावून ती तिच्या गाइड सरांची सही आणायला गेली.

देवचंद भट्टीपुढे बसला. साहेबलोक एवढ्या लांबून येणार अन् त्याहिले दाखवायचं काय, कोरी काच? दहा मिनिटं झाली. त्यानं गॅसचा कॉक फिरवला नाही.

दुसऱ्या दिवशी समितीच्या साहेबांनी चकती चिमट्यात धरली. तव्याच्या बुडासारखी काळी.

"अरे वा! ये हुआ ना काम!"

दामिनीनं तोंड उघडलं. सरांनी तिच्या हातात चहाचा ट्रे दिला. साहेबांनी चकतीसोबत फोटो काढला, प्रकल्पाला दोन वर्षं वाढ दिली आणि ते नागऱ्याच्या महादेवाच्या दर्शनाला गेले. सर गाडीपर्यंत सोडायला गेले.

नवी चकती यायला आठ महिने लागत. दामिनीची शिष्यवृत्ती त्याआधीच, मार्चमध्ये संपत होती.

तिनं रजिस्टर उघडलं. मागच्या ऑपरेटरला सरांनी एक चकती बिघडवल्यापायी काढलं होतं.

"काका, मिथेन किती मिनिटं?"

दहा म्हटलं असतं, तर भट्टी काही साक्ष द्यायला आली नसती.

"चाळीस जी."

"काऊन?"

"तुमी दोन साल मरून राहिल्या मॅडम, अन् दिसत काहीच नोहोतं. मले वाटलं, त्याहिले दिसलं पाह्यजे."

दामिनीनं 'चाळीस' लिहिलं. भट्टी कोणी चालवली, त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

"मॅडम, हे तं…"

"कप उचला काका," ती म्हणाली. "सर येऊन राहिले."