तीनदा गेलेलं स्थळ

“अहो गुप्तेबाई, स्थळ एकदा पाठवलं असतं तर भागलं नसतं का? तीन-तीनदा?”

फोनवर कर्णिक होते, संचिताचे वडील. रागावलेला माणूस सहसा आवाज चढवतो. कर्णिक तो उतरवून बोलत होते, आणि मंदाकिनीबाईंना तेच जास्त लागत होतं.

“तीनदा गेलं?”

“तीनदा. फोटोसकट. मुलाच्या आईने माझ्या बहिणीला बोलून दाखवलं, मुलीकडच्यांना भलतीच घाई दिसते म्हणून. आता बोला! आमच्या संचिताला काय कमी आहे, की आम्ही कुणाच्या असं मागे लागावं?”

“चूक माझी आहे, कर्णिक. मी स्वतः त्यांच्याशी बोलते.”

फोन ठेवून त्या कॉम्प्युटरसमोर बसून राहिल्या. सौमित्रच्या घरी संचिताचं स्थळ त्यांनी काल दुपारी पाठवलं होतं, हे नक्की. नंतर येऊन पाहिलं तर मेल अजून तशीच पडलेली दिसली, म्हणून पुन्हा पाठवलं, हेही आठवत होतं. मग पहिल्यांदा खरंच पाठवलं होतं, की पाठवायचं नुसतं मनात आणून त्या भाजी चिरायला उठल्या होत्या? इथे त्यांचं डोकं चालेनासं व्हायचं. आठवण म्हणायची पाठवलं, पडदा म्हणायचा नाही, आणि अलीकडे त्या पडद्याचं ऐकायला लागल्या होत्या.

बाईंचं वधू-वर सूचक मंडळ म्हणजे काही मोठं ऑफिस नव्हे. ठाकुर्लीच्या शाळेत शिकवत असताना डोंबिवलीच्या घरी त्यांनी ते हौसेने सुरू केलं आणि बाळकुमच्या या फ्लॅटमध्ये येतानाही संसाराबरोबर उचलून आणलं. आधी बिस्किटांच्या डब्यांत कार्डं होती, नंतर लेकीने, वल्लरीने, कॉम्प्युटर घेऊन दिला. पण मंडळाचा खरा कारभार चालायचा तो बाईंच्या डोक्यात. कोणाची उंची मुलीकडचे दोन बोटं वाढवून सांगतात, कोणाच्या आत्याला पत्रिकेशिवाय पाणी घशाखाली उतरत नाही, कुठल्या मुलाने मागच्या वेळी मुलीला पाहायला जाऊन तिच्या बहिणीशीच गप्पा मारल्या, हे सगळं त्यांना तोंडपाठ. नवऱ्याला, बाळरावांना, त्या ऐटीत म्हणत, “तुमच्या जिल्हा परिषदेच्या फायली हरवायच्या. माझ्याकडचं एक स्थळ हरवलेलं दाखवा.”

आणि आता हे. दिवाळीपासून चाललं होतं. एकाच मुलीची माहिती प्रिंटरमधून दोनदा बाहेर यायची. बंद केलेलं पान पुन्हा उघडलेलं दिसायचं, एक सोडून चार. नाव टाइप करावं तर अक्षरं उमटायची नाहीत, म्हणून पुन्हा टाइप करावं, तर मुलगी दोन-दोन नावांची व्हायची. वल्लरी हसून म्हणाली होती, “आई, एकच फोटो पाचदा पाठवलास गं.” ती सहज म्हणाली. बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

कारण त्यांनी आपल्या आईला पाहिलं होतं. कल्याणच्या घरी माई एकच लुगडं घडी घालायच्या, उलगडायच्या, पुन्हा घालायच्या. शेवटी शेवटी तर मंदाकिनीबाई भेटायला गेल्या की माई अगदी आदराने त्यांना पाट देऊन विचारायच्या, “आपण कोणाच्या?” स्वतःच्या आईला आपलं नाव सांगावं लागणं, यासारखं दुःख नाही. आपलं तसं होऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती, आणि तेच दाराशी येऊन उभं राहिलंय, अशी त्यांची खात्री होत चालली होती.

बाळराव काही बोलत नव्हते. पण बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या की थोड्या वेळाने ते पाणी प्यायच्या निमित्ताने आत जात आणि गॅसची बटणं बघून येत. बाईंनी ते दोनदा पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं ठरलं होतं, तेही “जरा सगळं तपासून घेऊ” अशा मोघम शब्दांत. कर्णिकांच्या फोननंतर मात्र त्यांनी मनाशी पक्कं केलं. डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत, मंडळ बंद. लोकांच्या मुलींची लग्नं म्हणजे खेळ नाही.

तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या दर्शना गायकवाडांची मेघना दारात उभी होती, हातात बाईंचाच स्टीलचा डबा. नोकरी एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर, आणि आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम, त्यामुळे ती भर दुपारीही बिल्डिंगमध्ये सापडायची.

“काकू, आईने डबा दिलाय. रिकामा नाहीये हां, चिवडा आहे.”

“ये गं, बस. हे एवढं एक करते आणि तुला सरबत देते.” बाईंना सौमित्रच्या आईचा नंबर काढायचा होता. त्यांनी त्याच्या नावावर क्लिक केलं. काही झालं नाही. पुन्हा केलं. उठून फ्रीजमधून लिंबू काढून आल्या, तर पडदा होता तसाच. पुन्हा केलं.

“काकू, थांबा थांबा! किती वेळा क्लिक करताय?”

“कुठे गं? आत्ताच केलं ना पहिल्यांदा?” असं म्हणून बाई एकदम थबकल्या. त्यांचा चेहरा उतरला. “की आधी केलं होतं?”

“तीनदा केलंत. मी बघत होते ना.”

इतक्यात पडद्यावर एक खिडकी उघडली. मग दुसरी. मग तिसरी. तिन्हीत सौमित्र, तोच फोटो, तोच निळा शर्ट.

“बघितलंत? तुम्ही दाबलं की हा लगेच काही करत नाही, पण लक्षात ठेवतो. मग सवडीने सगळं एकदम करतो. सरका जरा, मला बसू द्या.”

मेघनाने खुर्ची ओढली. पाठवलेल्या मेलांची यादी यायलाच बराच वेळ गेला. आल्यावर तिने त्यावर बोट ठेवलं. “या तुमच्या कालच्या तीन मेल. एकाच मिनिटाला गेल्यात तिन्ही. तुम्ही काय एका मिनिटात तीनदा पाठवल्यात?”

“छे गं! मध्ये मी भाजी चिरली. वरणाला फोडणी दिली.”

“मग झालं तर. पहिली अडकून बसली. तुम्हाला वाटलं गेलीच नाही, म्हणून दुसरी. तीपण अडकली. नंतर सगळ्या धाडकन सुटल्या. काकू, तुम्ही काही विसरलेल्या नाहीत. हा लेट आहे, तुम्ही नाही.”

बाळराव पेपर वाचत होते. पेपर खाली आला.

 बाईंना ते वाक्य पुन्हा ऐकायचं होतं, पण पुन्हा सांग म्हणायची भीती वाटली. त्यांनी नुसतंच विचारलं, “नक्की?”

“शंभर टक्के. मी दिवसभर ऑफिसातल्या लोकांना हेच सांगते ना.” मेघना आता कॉम्प्युटरच्या पोटात कोणकोण काम करतंय ते बघत होती. बघता बघता तिने कपाळावर हात मारला. “अरे देवा. काकू, तीन-तीन अँटिव्हायरस? हे कोणी टाकले?”

बाईंनी सांगितलं. एक कॉम्प्युटरबरोबर दुकानदाराने दिलेला. दुसरा भाच्याने, हर्षितने, गणपतीला आला तेव्हा आपणहून घातलेला. आणि तिसरा जावईबापूंनी, दिवाळीला.

“आणि आधीचे काढले नाहीत कोणी?”

“काढायचे कसे? हर्षितने इतक्या मायेने घातलेला, तो पुढच्या वेळी आला आणि दिसला नाही तर त्याला काय वाटेल? आणि जावईबापूंचा तर विषयच नको.”

मेघना मोठ्याने हसली. “काकू, हा काय आहेर आहे का, जपून ठेवायला? अहो, हे तिघं एकमेकांना चोर समजून धरून बसलेत. एक फाइल उघडायची तर तिघं तपासणार, वर एकमेकांनाही तपासणार. दिवाळीपासूनच स्लो झालाय ना?”

दिवाळी म्हटल्यावर नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

“दोन उडवते. हा एक चांगलाय, तो ठेवू. उडवू ना?”

दुकानदाराच्या आणि हर्षितच्या बाबतीत बाईंची फारशी हरकत नव्हती. पण मेघनाला चांगला वाटलेला होता हर्षितचा, आणि उडवायचा होता जावयाचा. बाई घुटमळल्या. बाळरावांनी फोन उचलून थेट पुण्याला लावला आणि स्पीकरवर टाकला. जावई मीटिंगमध्ये होता, तरी त्याने उचलला.

“तो ना, बाबा? अहो, तो नुसता महिनाभराचा ट्रायलचा होता. केव्हाच संपला असेल. अजून आहे?”

“आहे म्हणजे काय! पूजाच करायची तेवढी बाकी ठेवलीय तुमच्या सासूबाईंनी,” बाळराव म्हणाले.

जावयाची रीतसर परवानगी मिळाल्यावर दोघांची हकालपट्टी झाली. मग मेघना टेबलाखाली वाकली आणि तिथून तिचा आवाज आला. “हे काय आहे?”

ते कव्हर होतं. समोर टॉवरचं बांधकाम चालू असल्यापासून घरात सिमेंटची धूळ यायची, म्हणून बाईंनी उशांच्या उरलेल्या कापडाला आतून अस्तर लावून सीपीयूसाठी स्वतः शिवलं होतं. वायरींपुरती चीर, कडेने झालर. मिक्सरला होतं, टीव्हीला होतं, मग यानेच काय घोडं मारलं होतं?

“चालू असतानापण घालून ठेवता?”

“चालू असतानाच तर धूळ आत ओढतो, असं ऐकलं होतं.”

“काकू, हात लावून बघा. तवा झालाय. श्वास कुठून घेणार तो?” तिने कव्हर उतरवलं, मशीन बंद करून बाजूचं झाकण काढलं. बाळरावांनी रंगकामाचा जुना ब्रश शोधून आणला आणि मेघना पंख्यावरची धूळ झाडत असताना तिच्या खांद्यावरून बॅटरी धरून उभे राहिले. धूळ कसली, कापसासारखे पुंजके निघाले. बाई सुपली घेऊन धावल्या आणि ते गोळा करताना, इतका कचरा आपल्या घरात होता याची त्यांना लाज वाटली. एरवी ही लाज त्यांना दिवसभर पुरली असती. आज दोन मिनिटांतच त्या ती विसरल्या.

सगळं पुन्हा जोडलं. बाईंची इतक्या दिवसांची सवय अशी, की बटण दाबायचं आणि चहा टाकायला जायचं. दुधावर साय येईतो पडदा उघडला तर उघडला. त्यांनी बटण दाबलं आणि त्या वळल्या.

“कुठे चाललात? झाला चालू,” मेघना म्हणाली.

बाई परतल्या. सौमित्रच्या नावावर एकदाच क्लिक केलं आणि हात मांडीवर घट्ट धरून ठेवला. खिडकी उघडली. एकच. त्यांनी ती बंद केली आणि पुन्हा उघडली. मग कोरं पान घेऊन स्वतःचं नाव टाइप केलं. बोटाखालचं अक्षर लगेच समोर उमटत होतं. मंदाकिनी बाळ गुप्ते. त्यांना एकदम रडू फुटलं. मेघना गांगरली.

“अहो काकू, काय झालं? चांगला झाला ना?”

“चांगला झाला गं बाई. फार चांगला झाला.” त्यांनी पदराने डोळे पुसले आणि तिला जवळ घेतलं. “तुला कल्पना नाही तू काय केलंस ते.”

“दोन प्रोग्राम उडवले फक्त. आणि ते कव्हर परत घालू नका हां, प्लीज.” तिची पुढची शिफ्ट होती. बाईंनी तिच्या हातात डबा परत दिला, आणि अर्थातच रिकामा दिला नाही.

ती गेल्यावर बाईंनी सौमित्रच्या आईला फोन लावला. आवाजात जुनी मास्तरीण परत आली होती. “स्थळ तीनदा गेलं ते माझ्या मशीनमुळे. कर्णिकांकडची काहीही घाई नाही, उलट त्यांच्याकडे तीन ठिकाणांहून विचारणा आहे. तुमच्या वहिनींना डोंबिवलीतलीच मुलगी हवी होती ना, म्हणून मी आधी तुम्हाला सुचवलं. आणि हो, थोरल्या जाऊबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं?” पलीकडच्या बाईंनी आधी जाऊबाईंच्या गुडघ्याचं सगळं सांगितलं आणि मग रविवारी मुलीला भेटायला कधी येऊ, असं विचारलं.

कर्णिकांना ते कळवून बाई चहाचे दोन कप घेऊन हॉलमध्ये आल्या. “सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन येऊच. ठरवलंय तर जाऊ. पण आता मला भीती वाटत नाहीये. आणि तुम्ही माझ्यामागून येऊन गॅस बघणं बंद करा.”

बाळरावांनी मान हलवली. चहा हातात घेतला, पण प्यायला नाही.

“मंदा, एक सांगायचंय. रागावशील.”

“सांगा.”

“दिवाळीपासून मी रोज देवाजवळ एकच मागत होतो. हिला माझ्याआधी ने म्हणून.”

बाईंनी कप खाली ठेवला.

“दुसरं काही सुचेना गं,” बाळराव म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता आणि ते तो सावरायचा प्रयत्नही करत नव्हते. “मी आधी गेलो आणि तुझं माईंसारखं झालं, तर? वल्लरी सगळं करील, पण तिला काय माहीत तुझं! तू आपला नवरा कोण म्हणून विचारशील आणि सांगायला मी नसेन.”

 बायकोने नवऱ्याआधी जायचं मागणं मागावं, हे बाईंनी हळदीकुंकवाला आयुष्यभर ऐकलं होतं. नवऱ्याने तिच्यासाठी ते मागावं, आणि तेही असं, हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांना राग आला नाही. इतकी वर्षं या माणसाबरोबर काढली ती अजिबात वाया गेली नाहीत, असं त्यांना वाटलं.

“मग आता?” त्यांनी विचारलं.

“आता ते मागे घ्यायला हवं.”

“मग घ्या ना. माझ्याकडे काय बघताय? मी थोडीच मंजूर करणार होते!”

बाळराव उठले. देवाचं करण्यात ते कधीच पुढे नसत. पूजा बाईंची, नैवेद्य बाईंचा, आणि ते फक्त आरतीला टाळ्या वाजवायला यायचे. आता मात्र त्यांनी मोरीत जाऊन पाय धुतले आणि भर दुपारी ते देव्हाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. हात जोडावेत की नाही हे त्यांना क्षणभर कळेना. मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, साहेबांच्या केबिनमध्ये जाताना लावायचे तसं.

“मागचा अर्ज मागे घेत आहे,” ते स्पष्ट आवाजात म्हणाले. थोडं थांबले. “कृपया त्यावर कार्यवाही करू नये.”

बाई बाहेर सोफ्यावर बसून ऐकत होत्या. त्यांचं सांगून होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग उठल्या आणि दिव्यात तेल घालायला आत गेल्या.